वाचकांचे प्रश्न : खत फोकणी यंत्र चालतंय, पण गव्हात पट्टे पडलेत

प्रश्न : नमस्कार सर. मागे एका ओळखीच्याकडून ट्रॅक्टरमागचं जुनं खत फोकणी यंत्र घेतलं होतं. 400 लिटरची गोल पेटी, खाली एकच तबकडी, तिच्यावर चार पाती. यंदा गव्हाला युरिया त्यानेच दिला तर काही दिवसांनी रानात हिरवे-पिवळे पट्टे उठून दिसायला लागले, रस्त्याने जाणारा प्रत्येक जण विचारतो हे काय केलंत म्हणून. पेटीला खालच्या अंगाला गंजून भोकं पडलीत, गिअरबॉक्स घरघर करतो, वरच्या सीलमधून तेल गळतं, सील बदललं तरी परत गळायला लागलं. मिस्त्री म्हणतो नवीन गिअरबॉक्सच टाका. टाकू का? — एक वाचक, ता. कोपरगाव

उत्तर : दादा, तुम्ही तीन दुखणी सांगितलीत आणि मिस्त्रीने त्यातल्या सगळ्यात महाग दुखण्यावर बोट ठेवलंय. गव्हातले पट्टे गिअरबॉक्सने पाडलेले नाहीत, निदान एकट्या गिअरबॉक्सने तर नाहीच. उद्या नवा गिअरबॉक्स बसवलात, पेटीला पत्रा मारलात, वरून रंग देऊन चकाचक केलंत तरी पुढच्या रब्बीत पट्टे तिथेच दिसतील, कारण यंत्र फिरायला लागलं की दुरुस्त झालं असं आपण धरतो आणि ते खत दोन्ही बाजूंना सारखं फेकतंय का हे कुणी मोजतच नाही. मिस्त्री तर नाहीच मोजत, त्याचं काम फिरवून दाखवलं की संपलं.

आधी यंत्र धुवा. हे वाचून हसू नका, खताचा साका डिझेलने निघत नाही, जळक्या ऑइलनेही निघत नाही, तो पाण्यातच विरघळतो, आणि तरी लोक जाम झालेल्या शटरवर (खत खाली सोडणाऱ्या सरकत्या पट्टीवर) डिझेल ओतून हातोडा मारत बसतात. कोमट पाणी टाका, तासभर मुरू द्या, परत टाका, वायर ब्रशने घासा आणि उन्हात कडक वाळवा. ऑइल-डिझेलचा हात त्यानंतर. सर्व्हिस स्टेशनचा प्रेशर पंप मारायचा असेल तर सीलवर आणि बेअरिंगवर थेट धार धरू नका, पाणी आत घुसतं आणि एका दुखण्याची दोन होतात.

आता गिअरबॉक्स. पीटीओचा शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरकडून यंत्राला फिरवणारा दांडा, सोडवा आणि तबकडीची कड दोन्ही हातांनी धरून वर-खाली, मग आडवी हलवून बघा. ठकठक लागली तर बेअरिंग गेलंय. तबकडी गोल फिरवताना अगदी थोडी मोकळी चाल लागणं साहजिक आहे, दात्यांमध्ये तेवढी जागा लागतेच, पण चाल जास्त असेल आणि फिरवताना एका ठिकाणी अडकल्यासारखं होत असेल तर दाते गेलेत असं समजा. मग खालचा प्लग उघडून तेल एखाद्या पांढऱ्या डब्यात काढा. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. त्यात लोहचुंबक फिरवा, नुसती बारीक करडी भुकटी चिकटली तर घाबरायचं कारण नाही, जुन्या यंत्रात ती असायचीच, पण चमकणारे कपचे निघाले तर खोलावंच लागेल. घरघर बहुतेक वेळा बेअरिंगची असते आणि ही बेअरिंग काही खास नसतात, रिंगवर 6206 किंवा 6207 असा नंबर कोरलेला असतो तो वाचून बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात मिळतात. जुनं बेअरिंग फेकायच्या आधी नंबर लिहून घ्या. क्राउन-पिनियन म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या दात्यांच्या दोन चाकांपैकी एकाचे दाते गेले असतील तर जोडीच बदला, एक नवा एक जुना बसवलेला जास्त आवाज करतो आणि नव्यालाही खातो. आणि खोलताना केसिंगच्या झाकणाखालून ज्या पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) निघतील त्या जशाच्या तशा सुतळीत ओवून ठेवा, पोरं त्या टाकून देतात आणि मग दाते एकतर घट्ट बसतात नाहीतर ढिले.

सील परत का गळतंय हे मात्र नीट बघा कारण मला वाटतं तुमचा मिस्त्री इथेच चुकतोय. तीन गोष्टी तपासा. गिअरबॉक्सच्या वर एक छोटा ब्रीदर असतो, भोक असलेला बोल्ट म्हणा ना, तो खताच्या धुळीने गच्च भरलेला असतो. गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते, तिला बाहेर पडायला वाट नाही मिळाली की ती सीलमधूनच तेल ढकलते, मग तुम्ही कितीही भारी सील आणा. दुसरं, शाफ्टवर जिथे सीलचं ओठ घासतं तिथे नखाने चाचपून बघा, खाच लागली तर नवं सील त्याच खाचेत बसून गळणारच. अशा वेळी जागा असेल तर सील 2-3 मिलिमीटर मागे-पुढे दाबून बसवायचं म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येतं, नाहीतर लेथवाल्याकडून तिथे पातळ स्लीव्ह चढवून घ्यायची. तिसरं, स्प्रिंगची बाजू तेलाकडे हवी. उलटं बसवलेलं सील मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय. गिअरचं तेल ईपी 90 टाका आणि लेव्हल प्लगपर्यंतच टाका, जास्त भरलं तरी गळतं.

हे सगळं करून केसिंगच तडकलेली निघाली तर मात्र मिस्त्रीचं खरं, मग नवा घ्या.

पेटीच्या भोकांबद्दल. गंजलेल्या पत्र्यावर वेल्डिंग धरत नाही, त्यामुळे भोकाच्या आजूबाजूचा सगळा कुजका भाग ग्राइंडरने कापून काढायचा, टणटणीत पत्रा लागेपर्यंत, आणि मग तेवढ्याच मापाचा 2 मिलिमीटरचा तुकडा कडेला कड लावून जोडायचा. वरून ठिगळ मारू नका. आतून मारलं तर त्याच्या काठावर खत अडतं, बाहेरून मारलं तर आत खळगा राहतो आणि त्यात खत साठून तो भाग परत तिथूनच सडतो. पातळ पत्र्याला मिग वेल्डिंगवाला बघा, साध्या जाड रॉडने जुनी भोकं बुजेपर्यंत नवी पडतात. वेल्डिंगची अर्थ पट्टी कामाच्या अगदी जवळ लावायला सांगा, दुसऱ्या टोकाला लावली तर करंट बेअरिंगमधून जातो आणि नव्या बेअरिंगच्या गोळ्यांवर चट्टे पडतात. ट्रॅक्टरला जोडलेलं असताना तर वेल्डिंग करूच नका.

आणि एक गोष्ट गमतीत घेऊ नका. आधीच्या मालकाने त्यात कुठकुठलं खत घातलं हे तुम्हाला माहीत नाही. कॅल्शियम अमोनियम नायट्रेटसारखं नायट्रेटवालं खत पोकळ पाइपात किंवा पोकळ शाफ्टमध्ये साचून राहिलं असेल आणि त्यावर गॅसची ज्योत किंवा वेल्डिंग चाललं तर बंद जागेत ते फुटू शकतं, अशा यंत्रांचे पोकळ शाफ्ट तापवताना फुटून माणसं दगावलेली आहेत. म्हणून वेल्डरकडे न्यायच्या आधी पाइपांच्या आतून पाणी जाईपर्यंत धुवायचं, दोन्ही टोकं उघडी ठेवायची. वेल्डर घाई करेल, करू द्या, यंत्र आपलं आहे.

शटरच्या आणि ढवळणीच्या दांड्याला मिस्त्री हौसेने पितळी बुश घालतात. पितळ मजबूत असतं वगैरे खरं, पण युरियातून आणि अमोनियावाल्या खतांतून सुटणारा अमोनिया पितळेलाच खातो, बुश बारीक चिरा पडून फुटतं. नायलॉनचं बुश घाला, स्वस्तही पडतं. नट-बोल्ट आणि शटरची पट्टी स्टेनलेसची घेतलीत तर बरं, पोटॅश फोकत असाल तर घ्याच, त्यातलं क्लोराइड साध्या लोखंडाला सोडत नाही.

आता मूळ दुखणं, म्हणजे पट्टे. चारही पाती उतरवा. दाणा ज्या जागी येऊन आदळतो तिथे पात्यात घळ पडलेली असते, स्टीलची पट्टी लावून बघा म्हणजे कळेल. घळ पडलेलं पातं दाण्याला सरळ सुटू देत नाही. बदलायची तर चारही बदला आणि किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून घ्या, समोरासमोरची जोडी वजनाला सारखी पाहिजे, नाहीतर तबकडी थरथरते आणि ज्या बेअरिंगवर आत्ता खर्च केला तेच परत जातं. पाती कुठल्या भोकात बसवलीत तेही बघा. तबकडीला कोन बदलायला दोन-तीन भोकं असतात आणि जुन्या यंत्रात एक पातं एका भोकात तर समोरचं भलत्याच भोकात असं सर्रास सापडतं. काही कंपन्या मुद्दाम दोन पाती लांब आणि दोन आखूड देतात, तसं असेल तर असू द्या, पण समोरासमोरची जोडी एकसारखी हवी.

त्यानंतर रेस. खरं सांगू का, निम्मे पट्टे इथे पडतात. यंत्र बनवलेलं असतं पीटीओच्या मिनिटाला 540 फेऱ्यांवर आणि आपण डिझेल वाचवायला रेस कमी करून वरच्या गिअरमध्ये गाडी पळवतो. तबकडी हळू फिरली की खत लांब जातच नाही, ट्रॅक्टरच्या मागेच ढीग पडतो आणि दोन फेऱ्यांच्या मधला पट्टा उपाशी राहतो, आणि तुमच्या गव्हात तेच दिसतंय. बहुतेक ट्रॅक्टरच्या मीटरवर 540 ची खूण असते, काटा तिथेच ठेवा, वेग गिअरने कमी-जास्त करा.

यंत्र आडव्यात सपाट आहे ना हे लिफ्टच्या डाव्या-उजव्या आर्मवरून बघा आणि पुढे-मागे टॉप लिंकवरून. तबकडी गव्हाच्या शेंड्यांच्या वर साधारण 70-75 सेंटिमीटर असू द्या. एकाच तबकडीच्या यंत्रात खत बऱ्याचदा एका बाजूला जास्त पडतं, त्यासाठी पेटीखाली खत तबकडीवर पडायची जागा थोडी सरकवता येते. तबकडी ज्या दिशेने फिरते त्या दिशेला जागा सरकवली की फेकही त्याच दिशेला सरकतो. एका वेळी बोटभरच सरकवा आणि परत बघा.

बघायचं कसं, तर घमेली मांडून. ट्रॅक्टरच्या वाटेला आडवी, मीटर-मीटरवर, दोन्ही बाजूंना सहा-सात घमेली. प्रत्येकात गोणपाटाचा तुकडा टाका नाहीतर दाणे आपटून उडून जातात. त्यावरून कामाच्या वेगानेच एक फेरी मारा आणि प्रत्येक घमेल्यातला युरिया औषधाच्या सारख्याच बाटल्यांमध्ये ओतून ओळीने उभ्या करा, वजनकाट्याचीही गरज नाही, बाटल्यांमधली पातळी बघूनच फेक कसा आहे ते कळतं. मधे उंच आणि दोन्हीकडे सारखी उतरत गेलेली पातळी चांगली. कडेची पातळी मधल्याच्या निम्मी जिथे होते ती जागा धरायची, डावीकडच्या तशा जागेपासून उजवीकडच्यापर्यंतचं अंतर तेच दोन फेऱ्यांमधलं अंतर. म्हणजे खत एकूण 12 मीटर उडालं म्हणून फेरी 12 मीटरवर घ्यायची नसते, ती 7-8 मीटरवरच घ्यावी लागते. तुम्ही फेरी किती अंतरावर घेतली होती हे पत्रात लिहिलं नाही पण मला अंदाज आहे.

मात्रेचा हिशोब असा. फेरी 8 मीटरवर, वेग ताशी 5 किलोमीटर म्हणजे मिनिटाला 83 मीटर, गुणाकार केला की मिनिटाला साधारण 667 चौरस मीटर, आपल्या भाषेत साडेसहा गुंठे. एकरी एक गोणी म्हणजे 45 किलो युरिया द्यायचा असेल तर मिनिटाला साधारण 7.4 किलो खाली आला पाहिजे. तबकडी काढून ठेवा, खाली बादली लावा, ढवळणी चालू ठेवून अर्धा मिनिट शटर उघडा आणि वजन करा, 3.7 किलो आलं की शटरच्या पट्टीवर तिथे रंगाने खूण करा. शटरवर कंपनीने कोरलेले आकडे सोडून द्या, ते त्यांच्या नव्या यंत्राचे आणि त्यांच्या खताचे. डीएपी जड असतं, युरियापेक्षा लांब जातं आणि त्याच भोकातून जास्त वजनाने उतरतं, त्यामुळे प्रत्येक खताची खूण वेगळी. तसं डीएपी फोकायचा सल्ला मी देणार नाही, त्यातलं स्फुरद (फॉस्फरस) जमिनीत जागचं हलत नाही, ते पेरूनच द्यावं, फोकणी यंत्र उभ्या पिकातल्या युरियासाठीच ठेवा. दव सुकल्यावर, वारं पडलेलं असताना फोका आणि लगेच पाणी द्या.

पीटीओ शाफ्टवर प्लास्टिकचं कव्हर नसेल तर आजच आणा. उपरणं, शर्टाची बाही, साडीचा पदर, काहीही गुंडाळतं आणि मग हात सोडवायला वेळ मिळत नाही. पेटीत खत अडकलं म्हणून चालू पीटीओवर काठी घालणारे पण बघितलेत.

प्रश्न : टू-इन-वन (बी आणि खत एकत्र पेरणाऱ्या) पेरणी यंत्राच्या खताच्या पेटीतले रोलर जाम झालेत, गेल्या खरिपानंतर डीएपी तसंच राहिलं होतं. फिरवायला गेलो तर चेन तुटली. नवीन रोलर घ्यायचे का? आणि एकरी खत बरोबर पडतंय का हे सोयाबीन पेरण्याआधीच कसं कळेल? — वाचक, ता. औसा, जि. लातूर

उत्तर : रोलर लगेच घेऊ नका, वर लिहिलंय तसं कोमट पाण्यात भिजवा, रात्रभर भिजू द्या. चौकोनी शाफ्ट सुटला की सगळे रोलर बाहेर काढा, त्यातले कडा तुटलेले तेवढेच बदला. नळ्या पण काढून बघा, आत दगडासारखं खत बसलेलं असतं आणि ती एक ओळ पूर्ण हंगाम उपाशी राहते, ते पीक वाढल्यावरच लक्षात येतं.

तपासणी सोपी आहे. यंत्र जॅकवर उचला, चाकाला खडूची खूण करा, नळ्यांखाली पिशव्या बांधा. समजा 9 फणी आहेत, दोन ओळींत 45 सेंटिमीटर, म्हणजे रुंदी 4.05 मीटर, आणि चाकाचा घेर दोरीने मोजला तो 1.5 मीटर आला. 20 फेऱ्या फिरवल्या की 121 चौरस मीटरच्या वर रान झालं, म्हणजे एकराचे 3 टक्के. एकरी एक 50 किलोची गोणी द्यायची तर सगळ्या पिशव्या मिळून 1.5 किलो आलं पाहिजे. पण नुसती बेरीज बघून खूश होऊ नका, प्रत्येक पिशवी वेगळी तोला. एका नळीतून 250 ग्रॅम आणि दुसरीतून 90 असं असेल तर बेरीज बरोबर येऊनही पेरणी बिघडली. रानात चाक थोडं घसरतं, त्यामुळे खत हिशोबापेक्षा जरा कमी पडतं, तेवढं धरून चाला.

युरिया आणि सिंगल सुपर फॉस्फेट आदल्या दिवशी एकत्र करून ठेवू नका हेही सांगतो, त्यातून पाणी सुटतं आणि चिखल होतो. मिसळायचंच तर बांधावर, लगेच वापरायला.

प्रश्न : भाताला युरिया टाकायला गळ्यात अडकवायचं हाताने फिरवायचं यंत्र आहे. पावसात टाकताना सारखं चोंदतं, आता हँडल फिरवलं की आत दाते घसरतात. आमच्याकडे हे दुरुस्त करणारं कुणी नाही. — एक वाचक भगिनी, ता. माणगाव, जि. रायगड

उत्तर : ताई, दाते घसरतात म्हणजे बहुधा आतला नायलॉनचा गिअर झिजलाय. चार स्क्रू काढून तो बाहेर काढा, त्याचे दाते मोजा, व्यास मोजा आणि जिथून यंत्र घेतलं तिथेच मागा, नाही मिळाला तर तेवढ्या मापाचा गिअर लेथवाला नायलॉनच्या रॉडमधून कापून देतो. कधी कधी गिअर चांगला असतो, फक्त शाफ्टची पिन तुटलेली असते, ते आधी बघा. उघड्या गिअरला ग्रीस लावू नका, त्याला खताची धूळ चिकटून घासकागद तयार होतो.

चोंदण्याचं म्हणाल तर दोष यंत्राचा नाही, कोकणातल्या पावसाळी हवेत युरिया ओलावा ओढणारच, हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास गेली की तो पाझरायला लागतो. पिशवी गच्च भरू नका, एका खाचरापुरताच भरा, बाकीची गोणी प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून ठेवा. आणि तुम्हाला जमत असेल तर युरिया-डीएपीच्या ब्रिकेट (दाबून केलेल्या गोळ्या) बघा, चारसूत्री पद्धतीत चार चुडांच्या मधोमध 7 ते 10 सेंटिमीटर खोल एक गोळी खोचतात. कंबर मोडते हे खरं, पण फोकलेल्या युरियासारखा तो पाण्याबरोबर वाहून जात नाही.

प्रश्न : जुनं फोकणी यंत्र स्वस्तात मिळतंय, घेऊ का महाडीबीटीवर (सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर) नव्यासाठी अर्ज करू? — वाचक, ता. निफाड

उत्तर : अर्ज करून ठेवा, त्यात तुमचं काही जात नाही. यांत्रिकीकरणाच्या उपअभियानात अल्प-अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना 50 टक्के आणि इतरांना 40 टक्क्यांपर्यंत अनुदान असतं, त्याला वरची मर्यादा असते, आणि पूर्वसंमती यायच्या आधी खरेदी केली तर ते मिळत नाही. जुन्याच्या खरेदीला किंवा दुरुस्तीला हे अनुदान धरू नका.

जुनं बघायला गेलात तर नव्या रंगाला भुलू नका. पेटीच्या आत मोबाइलची टॉर्च लावून बाहेरून बघा, जिथून उजेड येतो तिथे पत्रा संपलाय. तबकडी हलवून बघा, शटर हाताने उघड-बंद करा, पीटीओ शाफ्टच्या क्रॉसला (सांध्याला) चाल आहे का बघा. आणि विकणाऱ्याला सांगा की एक गोणी युरिया मी आणतो, तुमच्याच रानात चालवून दाखवा. तयार झाला तर भावाचं बोला.